पाहुण्यांनो, जरा नीट वागा

मी बडोद्याहून बोलतेय. ही मालिका ऐकणारे लोक इंदूरपासून बेंगळुरूपर्यंत पसरलेले आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांची मुलंबाळं परदेशात आहेत, असं मला सांगण्यात आलं. म्हणजे आजचा विषय तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरातलाच असणार. मुलीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला जायचं, आणि नातवंडांबरोबर एक दिवस थीम पार्कला जायचं. त्या एका दिवसाबद्दल आज बोलायचं आहे. अंगावर काटा आणणाऱ्या राइड्सबद्दल नाही. तिथल्या रांगेबद्दल, तिकिटाबद्दल आणि आपल्या वागण्याबद्दल.

सुरुवात एका सूचनेपासून करते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये डिस्नीने अमेरिकेतल्या आपल्या पार्कांच्या वेबसाइटवर, ‘येण्यापूर्वी हे वाचा’ अशा प्रकारच्या माहितीत, सौजन्याबद्दलचा एक मजकूर घातला. त्याचा आशय असा, की इथं येणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्याशी आदराने आणि मायेने वागावं, आणि ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांना बाहेर जायला सांगितलं जाऊ शकतं. भाषा अगदी गोड होती. पण गोड शब्दांत का होईना, ‘नीट वागा, नाहीतर बाहेर काढू’ असंच ते सांगणं होतं. पाहुण्याला देव मानायचं हे आपण लहानपणापासून ऐकलंय. इथं यजमानावर पाहुण्याला वळण लावायची वेळ आली होती.

ती का आली, याच्या खुणा त्याच वर्षात सापडतात. जुलै २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये दोन कुटुंबांची हाणामारी झाली. पऱ्यांच्या गोष्टींच्या त्या नगरीत मोठी माणसं एकमेकांच्या झिंज्या धरतायत, असे व्हिडिओ जगभर फिरले. भांडण रांगेतल्या जागेवरून पेटलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या जुन्या पार्कात मारामाऱ्या झाल्या आणि पार्क वेळेआधी बंद करावं लागलं. त्यानंतर त्यांनी नियमच केला: शुक्रवारी आणि शनिवारी सतरा किंवा त्याहून कमी वयाच्या मुलामुलींना आत यायचं तर बरोबर एकवीस वर्षांवरचं माणूस हवं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कोविडनंतरचं आहे. लोक दोन वर्षं घरात कोंडलेले होते. विमानात, दुकानात, सगळीकडेच भांडत होते. खरं आहे ते. मी ते नाकारत नाही. पण एवढ्यानेच माझं समाधान झालं नाही, कारण २०२३ च्या जूनमध्ये मी स्वतः तिथं एका माणसाशी वाईट वागले. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, मधल्या सुट्टीत नळापाशी मुलांना रांगेत उभं केलं, आणि तिथं मीच रांग मोडल्यासारखं बोलले.

झालं असं. फ्लोरिडातलं एक मोठं पार्क. मुलगी, जावई, दोन नाती आणि मी. दुपारचे तीन वाजलेले, ऊन असं की आपल्याकडच्या मे महिन्याची आठवण यावी, आणि वर दमटपणा. धाकट्या नातीला एका ठरावीक आकाराचं आइस्क्रीम हवं होतं. गाडीपाशी पंचवीसेक मिनिटं उभे राहिलो. आमचा नंबर आला आणि गाडीवरचा मुलगा म्हणाला, ते संपलं, दुसरं देऊ का? मुलगा असेल वीस-एकवीस वर्षांचा. घामाने निथळत होता, पण हसून बोलत होता. आणि मी त्याच्यावर ओरडले. इंग्रजीत ओरडले, म्हणजे चुका करत ओरडले. ‘आधी पाटी लावता येत नाही का? आम्ही किती पैसे भरून आलोय ठाऊक आहे का?’ तो म्हणाला, ‘सॉरी मॅम.’ थोरली नात नऊ वर्षांची आहे. ती माझा हात सोडून आईपाशी जाऊन उभी राहिली.

‘किती पैसे भरून आलोय.’ माझ्या तोंडून पाटीनंतर लगेच हे वाक्य का आलं, त्याचा मी नंतर बराच विचार केला. आइस्क्रीम काही फार महागाचं नव्हतं. मी सकाळपासून मनातल्या मनात हिशोब करत होते. पाच जणांची तिकिटं, गाडी लावायचे पैसे, रांग टाळायचा वेगळा पास, दुपारचं जेवण, सगळं मिळून नऊशे डॉलरच्या घरात. पार्क बारा तास उघडं, म्हणजे सातशे वीस मिनिटं. मिनिटाला सव्वा डॉलर. तेव्हाच्या भावाने शंभर रुपये. म्हणजे त्या मुलाने माझे अडीच हजार रुपये उन्हात वाळत घातले, असं माझं डोकं मला सांगत होतं. चीड त्या अडीच हजारांची होती, आणि समोर सापडला तो.

म्हणून मी घरी आल्यावर या विषयाचं जमेल तेवढं वाचलं. त्यातलं थोडं सांगते.

डिस्नीलँड १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला सुरू झालं. पहिला दिवस म्हणजे नुसता गोंधळ होता. खोट्या निमंत्रणपत्रिकांवर माणसं आत घुसली, नवं डांबर उन्हाने मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे तयार नव्हते. तरी त्या माणसांनी एक गोष्ट फार विचारपूर्वक केली होती. गिऱ्हाइकाला ‘गिऱ्हाईक’ म्हणायचं नाही, पाहुणा म्हणायचं. कामगाराला नाटकातल्या नटमंडळींपैकी एक समजायचं. व्हॅन फ्रान्स नावाच्या गृहस्थांनी प्रशिक्षण सुरू केलं, आणि पुढे त्यातून कामाची चार सूत्रं ठरली: सुरक्षितता, सौजन्य, देखावा, कार्यक्षमता. आणि ती याच क्रमाने. म्हणजे देखाव्यासाठी जगभर नावाजलेल्या जागेने सौजन्य देखाव्याच्या वर ठेवलं, आणि काम झटपट उरकणं सगळ्यात शेवटी. रस्ता दाखवताना एक बोट रोखायचं नाही, दोन बोटांनी किंवा उघड्या पंजाने दाखवायचं, हेसुद्धा शिकवलं जातं. आपल्याकडे ‘बोट दाखवणं’ याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे मला हा नियम फार आवडला.

हे सगळं सौजन्य यजमानाचं. पाहुण्याच्या सौजन्याबद्दल वेगळं काही सांगावं लागेल असं तेव्हा कुणाला वाटलं नसावं.

तेव्हा आत जायला मोठ्या माणसाला एक डॉलर लागायचा. आजच्या हिशोबाने अकरा-बारा डॉलर धरा. पण राइड्सचे पैसे वेगळे. कुपनांची पुस्तिका घ्यायची, त्यात ए, बी, सी अशी कुपनं. १९५९ मध्ये ई कुपन आलं, ते सगळ्यात भारी राइडचं. कुपनं १९८२ पर्यंत चालली. त्या पद्धतीत गरिबाला कमी राइड्स आणि श्रीमंताला जास्त, असा फरक होताच. ते दिवस म्हणजे समतेचं राज्य होतं असं कुणी म्हणू नये. मात्र एक होतं. ई कुपन हातात असलेली सगळी माणसं एकाच रांगेत उभी राहत. एखाद्याने पुस्तिकांची चळत विकत घेतली तरी त्याला पुढे जाता येत नव्हतं.

१९७१ मध्ये फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्नी वर्ल्ड सुरू झालं तेव्हा तिकीट साडेतीन डॉलर होतं. २०१५ मध्ये मॅजिक किंगडमच्या एका दिवसाच्या तिकिटाने शंभरी ओलांडली. २०१६ पासून गर्दीच्या दिवशी जास्त आणि एरवी कमी, असे दिवसागणिक भाव आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्नीलँडचा सगळ्यात महाग दिवस २०६ डॉलरवर गेला. तिथलाच सगळ्यात स्वस्त दिवस मात्र १०४ डॉलरवर बरीच वर्षं थांबलेला होता, हेही सांगायला हवं. कंपनीच्या बाजूने तो एक खरा मुद्दा आहे. जागा मर्यादित, येणारे अमर्याद. भाव वाढवला नाही तर गर्दीच एवढी होईल की कुणालाच मजा येणार नाही, असं अर्थशास्त्र शिकवणारा माझा भाचा मला समजावतो. त्याला मी उत्तर देऊ शकत नाही.

पण मला खटकतं ते फाटकावरचं तिकीट नव्हे. खटकतं ते आतलं.

१९९९ मध्ये डिस्नीने फास्टपास आणला. राइडपाशी यंत्रातून एक चिठ्ठी घ्यायची, त्यावर वेळ छापलेली, त्या वेळेला या आणि छोट्या रांगेतून आत जा. फुकट. ज्याच्याकडे पार्कचं तिकीट त्या प्रत्येकाला मिळणारी सोय. कोविडमध्ये पार्क बंद झालं तेव्हा ती थांबली, आणि २०२१ मध्ये परत आली ती पैसे घेऊन. नाव जिनी प्लस, फ्लोरिडात माणशी दिवसाला पंधरा डॉलरपासून. मग तिचाही भाव दिवसागणिक बदलू लागला आणि गर्दीच्या दिवसांत तीस डॉलरच्या वर गेला. तिथं सकाळी सातला मोबाइलवर बुकिंग उघडायचं, म्हणजे सुट्टीवर आलेला माणूस गजर लावून उठायचा आणि तात्काळ तिकिटासारखा स्क्रीनवर बोट ठेवून बसायचा. २०२४ मध्ये नाव आणि पद्धत बदलली. त्याच वर्षी प्रीमियर पास नावाचा प्रकार आला: वेळबीळ काही ठरवायची नाही, हवं तेव्हा छोट्या रांगेतून जा; त्याचे फ्लोरिडात एका माणसाचे एका दिवसाचे ४४९ डॉलरपर्यंत. पार्कचं तिकीट वेगळं.

विमानतळावरून डिस्नीच्या हॉटेलात नेणारी फुकट बस होती, ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. हॉटेलात उतरलेल्यांकडून रात्रीच्या पार्किंगचे पैसे २०१८ मध्ये घ्यायला लागले होते. ते मात्र २०२३ च्या जानेवारीत पुन्हा माफ केले. त्याच वर्षी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी जाहीरपणे कबूल केलं, की नफा वाढवायच्या उत्साहात आम्ही काही भाववाढ जरा जास्तच जोराने केली असेल. एवढ्या मोठ्या माणसाने हे बोलून दाखवलं, याचं मला अप्रूप वाटलं. भाव मात्र त्यानंतरही वाढत राहिले. टीव्हीचा धंदा उतरणीला लागलेला, आणि कंपनीच्या नफ्यातला निम्म्याहून अधिक भाग पार्कं, जहाजं वगैरेंतून येतो. दूध देणाऱ्या गाईचीच धार काढली जाणार.

आता रांगेकडे या.

रांग ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. तिच्यात पोलीस नसतो, लेखी कायदा नसतो. ‘तू माझ्याआधी आलास, म्हणून तू आधी’ एवढाच करार. माझा एक तास आणि तुझा एक तास सारखा, ही कबुली त्या करारात असते. आमच्या बडोद्याच्या कमाटी बागेत लहान मुलांची आगगाडी होती. रविवारी तिच्यासाठी ही मोठी रांग. कलेक्टर ऑफिसातल्या साहेबाचा मुलगा माझ्यामागे उभा असायचा आणि रडायचा. त्याच्या आईने त्याला उचलून पुढे नेलं असतं तर बाकीच्या आयांनी तिची खैर ठेवली नसती.

आता शेजारी दुसरी रांग काढा. तिच्यातून माणसं तुमच्या डोळ्यांदेखत आत जातायत. त्यांनी घुसखोरी केलेली नाही, पैसे भरलेत. नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे. पण तासभर उभं राहिलेल्या माणसाच्या मनात त्या जुन्या कराराला चीर पडते. हे आपल्याला परकं नाही. तिरुपतीला तीनशे रुपयांचं दर्शन आणि फुकटचं दर्शन, दोन्हीकडे आपण उभे राहिलोय, आणि फुकटच्या रांगेतून तीनशेच्या रांगेकडे पाहताना मनात काय येतं ते देवालाच ठाऊक. तिथं निदान देवाच्या दारात आहोत या भावनेने माणूस तोंड आवरतो.

आणि पैसे भरलेला तरी खूश असतो का? आम्ही भरले होते. आमचा जावई शांत स्वभावाचा मुलगा, पण दिवसभर त्याची नजर फोनवर. पुढची वेळ कधीची, कुठली मिळतेय, ही सोडली तर ती मिळेल का. जलद रांगेतही वीस मिनिटं लागली तेव्हा तो म्हणाला, ‘आई, मग पैसे कशाचे घेतले?’ साध्या रांगेत वीस मिनिटं उभं राहिलो असतो तर ‘लवकर आला नंबर’ म्हणालो असतो. रांग तेवढीच, पैसे भरले की ती थकबाकी होते, आणि मग आपण समोर दिसेल त्याच्याकडे वसुलीला जातो.

पाहुणा आणि गिऱ्हाईक यात हाच फरक आहे. पाहुणा वाढलेलं खातो आणि मीठ कमी असलं तर गप्प बसतो, कारण घरातल्यांनी आपल्यासाठी राबून केलंय. गिऱ्हाईक बिल बघून चव ठरवतं. तुम्ही दर पावलाला त्याच्यापुढे बिल धराल आणि वेबसाइटवर लिहाल ‘पाहुण्यासारखे वागा’, तर ते जमायचं नाही. मला ती सूचना वाचून राग आला नाही, पण हसू आलं.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. भाव चढवले की आपोआप ‘चांगली’ माणसं येतात, असं मानणारे लोक आपल्याकडेही पुष्कळ आहेत. सोसायटीच्या जलतरण तलावापासून लग्नाच्या हॉलपर्यंत हा युक्तिवाद ऐकू येतो. अमेरिकेत सिक्स फ्लॅग्ज नावाच्या पार्कांच्या साखळीने २०२२ मध्ये तो करून पाहिला. त्यांचे तेव्हाचे प्रमुख सलीम बसूल यांचं म्हणणं असं, की आमची पार्कं म्हणजे किशोरवयीन मुलांची स्वस्त पाळणाघरं झालीत, आम्हाला कुटुंबं हवीत. सवलती काढल्या, भाव चढवले. त्या वर्षी त्यांच्याकडे येणारी माणसं आधीच्या वर्षापेक्षा सुमारे पाव हिश्शाने घटली. आणि मॅजिक किंगडममध्ये हाणामारी करणारी ती दोन कुटुंबं? ती पुरेसे पैसे भरून आलेली, मुलाबाळांची, अगदी हवी तशी कुटुंबंच होती.

तर मग आमच्यासारख्यांच्या तोंडी सापडतो कोण? भाव ठरवणारा माणूस आम्हाला आयुष्यात भेटत नाही. भेटतो तो गाडीवरचा मुलगा. २०१८ मध्ये डिस्नीलँडच्या कामगारांच्या संघटनांनी एक पाहणी करून घेतली होती. उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी महिन्याचा साधा खर्च पगारात भागत नाही असं सांगितलं; दहातल्या एकाला तरी आधीच्या दोन वर्षांत कधी ना कधी स्वतःचं छप्पर नव्हतं. कंपनीला ही पाहणी मान्य नव्हती. पण त्याच वर्षी तासाला पंधरा डॉलर किमान वेतनाचा करार झाला, आणि २०२४ च्या जुलैत संपाच्या बाजूने मतदान झाल्यावर चोवीस डॉलरचा. म्हणजे २०६ डॉलरचं एक तिकीट काढायला तिथल्या नव्या कामगाराला पुरा एक दिवस उभं राहून हसावं लागेल. हसणं हा कामाचाच भाग आहे, ते विसरू नका. माझ्यावर तो मुलगा चिडला नाही याचा अर्थ त्याला लागलं नाही असा नाही. चिडायची त्याला परवानगी नव्हती.

आपल्याकडे आता वंडरला, इमॅजिकासारखी पार्कं आहेत, जादा पैसे भरून पुढे जायची तिकिटं इथंही रुजली आहेत. तेव्हा हा प्रश्न फ्लोरिडापुरता राहिलेला नाही. अमेरिकेला जाणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांना मी एवढंच सांगते, की पैशांचा हिशोब आदल्या रात्री घरी करून संपवा आणि कागद घरीच ठेवा. दुपारी दोन ते चार कुठंतरी थंडाव्याला बसून राहा. नातवंडांना सहा राइड्स कमी मिळाल्या तरी काही बिघडत नाही, त्यांना नंतर आठवतं ते बदक आणि कारंजं. माझ्या धाकटीला तर हॉटेलातली लिफ्ट आठवते.

त्या दिवशी संध्याकाळी, आतषबाजीच्या आधी, मी थोरल्या नातीला घेऊन पुन्हा त्या गाडीपाशी गेले. तिनेच विचारलं होतं, ‘आजी, तू त्या दादाला सॉरी म्हणणार का?’ रांग होती, उभ्या राहिलो. नंबर आला तेव्हा गाडीवर दुसरीच मुलगी होती. त्याची पाळी सहाला संपली म्हणाली. मी तिला सांगितलं, दुपारी मी त्याच्याशी वाईट बोलले, त्याला माझ्याकडून सांगशील का? तिला माझं इंग्रजी नीट कळलं नसावं. ती म्हणाली, ‘काहीतरी चुकलं का मॅम? मी बदलून देऊ का?’ आणि माझ्या हातात काही नसतानाच तिने आइस्क्रीमच्या पेटीचं झाकण उघडलं.